चौकट सरळ केली

पत्रपेट्यांच्या चौकटीशी तोरुन दहा मिनिटं झगडत होती, आणि चौकट जिंकत होती.

एप्रिलचा दुसरा मंगळवार, दुपारचे साडेचार. आभाळातून पडत होतं तो धड पाऊस नव्हता, धड बर्फही नव्हतं. लाइरटून वस्तीतल्या एक्केचाळीस घरांच्या एक्केचाळीस पत्रपेट्या रस्त्याच्या वळणावर, मैदानाला लागून, एकाच लांब लाकडी चौकटीवर बसवलेल्या होत्या. चौकट पुन्हा कलली होती. गुरुवारी रहिवासी मंडळाची वार्षिक सभा, आणि सभेच्या दिवशी वाकडी चौकट दिसणं तिच्या वडिलांना, ओद्वारना, खपलं नसतं. ते मंडळाचे अकरा वर्षं अध्यक्ष होते. तोरुन नऊ वर्षं सचिव होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, वय एकोणतीस, आणि सभेत तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. दुसरे बोलायचे, ती लिहून घ्यायची.

तिनं आडव्या लाकडावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"ती वाकडी नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं.

"नऊ सेंटिमीटर वाकडी आहे," तोरुन मागे न बघता म्हणाली. "मोजलंय मी."

"तसं नाही... चौकट सरळच असेल. खालची जमीन हलली असेल."

आता तिनं मागे पाहिलं. पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीतून बाहेर आलेले दोन लाल कान, आणि हातात भिजून मऊ झालेलं पाकीट.

"तुम्ही ओळख अशीच काढता?"

"एरवी आधी नमस्कार करतो. पण तुमच्या हातात हातोडा होता, म्हणून लांबूनच बोललो." त्यानं पाकीट पुढे केलं. "मी आस्लाक. जमीन तपासतो. ओढा खालून काठ खातोय म्हणून नगरपालिकेनं पाठवलंय. मैदानात यंत्र लावायला सचिवांची सही हवी. फार कडक बाई आहेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"अध्यक्ष. फोनवर म्हणाले, स्वल्पविराम चुकला तरी कागद परत करते."

"आणा इकडे."

तिनं कागद घेतला, चिखलात गुडघे टेकलेल्या अवस्थेतच वाचला आणि खिशातून पेन काढलं. त्याचे कान आणखी लाल झाले.

"दोन स्वल्पविराम चुकलेत," ती सही करत म्हणाली. "पाऊस आहे म्हणून सोडते."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त बारीक व्हायचा, हे तिनं पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मैदानाकडे गेली. हिरवळ, चार बाकं, कडेला तीन बर्च झाडं. पलीकडे उतार आणि खाली ओढा.

"हे मैदान मूळचं आहे?"

"छे! दोन वर्षांपूर्वी आम्ही केलं, श्रमदानातून. इथं उतारच होता. नव्या रस्त्याची उरलेली माती फुकट मिळाली. साठ ट्रक. सगळी वस्ती फावडी घेऊन आली होती. पप्पांचा तर जीव आहे या मैदानावर."

"साठ," तो म्हणाला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

तोरुन पुन्हा चौकटीकडे वळली. जोरात चार घाव घालून तिनं पाचर ठोकली. बुडबुडा मध्यावर आला. घरी जाऊन तिनं वहीत नेहमीसारखं लिहिलं—चौकट सरळ केली. नऊ सेंमी.

*

बुधवारी कामावरून परतताना ती थर्मास घेऊन मैदानात गेली. कॉफी तिथं यंत्रावर काम करणाऱ्या माणसासाठी आहे, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. यंत्रावर माणूस एकच होता.

"सचिवांकडून पाहणी?" आस्लाकनं विचारलं.

"सचिवांकडून कॉफी. पाहणीचा अर्ज वेगळा करावा लागतो."

दोघं बाकावर बसले. त्यानं यंत्राच्या नळीतून काढलेला करड्या मातीचा एक गोळा तिच्या तळहातावर ठेवला. घट्ट, गुळगुळीत, थंड.

"दाबून बघा."

तिनं अंगठा रोवला. गोळा तसूभर दबला नाही. "चांगली दणकट आहे की."

"आता हे बघा." तिचा हात आपल्या हातावर धरून त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटानं गोळा ढवळायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पाचदा... आणि माती विरघळली. पाण्याचा थेंब न घालता तिचं ताक झालं आणि ते तोरुनच्या बोटांमधून वाहू लागलं. तिनं दचकून हात मागे घेतला.

"आमच्याकडे हिला जिवंत माती म्हणतात," तो म्हणाला. "हजारो वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. या मातीला बांधून ठेवायचं ते मीठ. पावसानं मीठ धुऊन नेलं, माती तशीच उभी राहिली, सवयीनं. कुणी धक्का दिला, वर वजन टाकलं, खालून काठ खाल्ला... की ती उभं राहायचं विसरते."

"आणि मग?"

"मग एका मिनिटात सगळं जातं. सुटली की पळून सुटत नाही कुणी."

तोरुननं बोटं गवताला पुसली. "तुम्ही सगळ्या मुलींना असंच घाबरवता?"

"नाही. काहींना जेवायला बोलावतो."

"ते तर याहून भयंकर."

"म्हणून अजून विचारलं नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि थर्मासमधली उरलेली कॉफी दोघांच्या कपात ओतली.

मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. माती इथं कमकुवत आहे हे त्याला आता माहीत होतं. ती हलते आहे की नाही, हे माहीत नव्हतं. त्यानं मैदानात सहा खुंट्या ठोकल्या होत्या, पण मागची मोजमापं असल्याशिवाय नुसत्या खुंट्या मुक्या. "एखादं जुनं मोजमाप असतं ना... दोन वर्षांचं... तर मी आजच नगरपालिकेच्या टेबलावर जाऊन बसलो असतो."

"इथं कोण कशाला मोजायला बसलंय?" तोरुन म्हणाली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पायाखालच्या फरशीकडे बघू लागली. याच घरात ती वाढली होती. आज पहिल्यांदा ती फरशीवर पाय जपून टाकत होती.

*

गुरुवारी सभेची तयारी करताना तिनं जुन्या इतिवृत्तांच्या वह्या काढल्या. विषय क्रमांक सहा होता मैदानाचा विस्तार. आणखी तीस ट्रक माती, शनिवारी सकाळी आठला. त्यासाठी जुना ठराव शोधायचा होता. शोधता शोधता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

सप्टेंबरचं श्रमदान. पानं गोळा केली. झोपाळ्याला रंग दिला. पत्रपेट्यांची चौकट सरळ केली, दोन सेंमी.

पुढल्या वर्षीचा मे. चौकट सरळ केली, तीन सेंमी.

सप्टेंबर. चौकट सरळ केली, पाच सेंमी.

आणि परवाचे नऊ.

तिनं मागची पानं उलटली. मैदान होण्याआधीच्या सात वर्षांत, तिच्याच अक्षरात, चौकटीचं नावसुद्धा नव्हतं. बर्फ हटवणाऱ्या गाडीचा धक्का लागतो, असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. दर श्रमदानाला चार माणसं मिळून चौकट सरळ करायची, हात झटकायची आणि गोड वॉफल खायला जायची. जमीन दर वेळी काहीतरी सांगत होती, आणि वस्ती दर वेळी ते नीटनेटकं करून टाकत होती.

तिनं आस्लाकला फोन लावला. शनिवारच्या तीस ट्रकांचं सांगितलं. चारही ओळी वाचल्या. पलीकडून पेन्सिलची खरखर ऐकू आली.

"तारखा आहेत?" शेवटी त्यानं विचारलं.

"तारखा आहेत. किती वॉफल लागले तेही आहे."

"दोन, तीन, पाच, नऊ... तोरुन, वेग वाढतोय. या पानांचे फोटो पाठव, मी आत्ता नगरपालिकेत जातो. पण घरं रिकामी करायचा हुकूम निघायला उद्या उजाडेल, आणि मातीचे ट्रक थांबवणं मंडळाच्या हातात आहे. शनिवारी तीस ट्रक त्या कडेवर उभे राहिले तर..." तो थांबला. "आज सभेत तुला बोलावं लागेल."

"मी... मी बोलत नाही. मी लिहिते."

"माहीत आहे मला."

"पप्पांचं मैदान आहे ते."

"तेही माहीत आहे," तो हळूच म्हणाला. आपण 'तू'वर आलोय हे तिच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पण त्याचा आनंद व्हायला भीतीनं जागाच ठेवली नव्हती.

सभेला सदतीस माणसं होती. सभागृहात कॉफीचा आणि तव्यावरच्या वॉफलचा वास भरला होता. ओद्वार विषय क्रमांक सहावर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "शनिवारी आठला, सगळ्यांनी! मैदान दहा मीटर पुढे जाईल. पोरांसाठी फुटबॉलचा पुरा गोलपोस्ट बसेल. कुणाला काही विचारायचंय?"

तोरुननं हात वर केला.

"काय गं, पेन संपलं?" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

ती उभी राहिली. तिनं टेबलाला टेकून घेतलं. वही उघडली आणि चारही ओळी वाचल्या, तारखांसकट. मग जिवंत मातीबद्दल सांगितलं. आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला सावरला.

"चौकट बर्फाच्या गाडीनं कलते," ओद्वार म्हणाले. "लहान पोराला माहीत आहे."

"मीही तेच लिहायची, पप्पा. पण गाडी तर आधीही होती. आणि सप्टेंबरमध्ये बर्फ कुठला?"

"त्या पिवळ्या कोटवाल्यानं भरवलंय हिला!" मागून एकजण फणकारला. "बाकावर बसून कॉफी पिताना सगळ्यांनी पाहिलंय."

तोरुनचे गाल पेटले. "हो, प्यायले," ती म्हणाली. "पण सेंटिमीटर माझे आहेत. मंगळवारी तो यायच्या आधीच मोजलेले."

मग गेर्दनं घसा खाकरला. गेर्द चौऱ्याहत्तर वर्षांची, मैदानाला चिकटून असलेल्या सतरा नंबरच्या घरात एकटी राहणारी. "माझ्या तळघराचं दार नाताळपासून लागत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच अंगात जोर राहिला नाही."

"आमच्या न्हाणीघराच्या फरशीला भेग गेलीय," दुसरं कुणीतरी पुटपुटलं. "मीच नवीन बसवली होती, म्हणून गप्प बसलो."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. अडकणाऱ्या खिडक्या, तिरकं झालेलं कुंपण. प्रत्येकानं आपापल्या घरात गुपचूप दुरुस्त केलेलं. मतदान झालं. ट्रक थांबवायच्या बाजूनं बावीस, विरुद्ध तेरा. दोघांनी हात वर केलाच नाही. त्यातले एक ओद्वार. त्यांनी निकाल वाचला, टोपी उचलली आणि कॉफी न घेता निघून गेले. अकरा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. तोरुननं इतिवृत्त पूर्ण केलं. अक्षर तिचं वाटू नये इतकं वाकडं आलं होतं.

*

शुक्रवारी दुपारी हुकूम आला. मैदानालगतची सतरा घरं रिकामी झाली. गेर्द, ओद्वार, तोरुन, सगळे शाळेच्या व्यायामशाळेत आले. ओद्वार मुलीशी एक शब्द बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी बाराला वरच्या रस्त्यावर लाल-पांढऱ्या फितीमागे वीसेक माणसं उभी होती. फितीपलीकडे जायला निघालेला एकच होता.

"तूच का?" तोरुननं विचारलं.

"खुंट्या मी ठोकल्यात."

"लांबून मोजणारं यंत्र नसतं का तुमच्याकडे?"

"सोमवारी येतंय."

"मग सोमवारी मोज."

"वरच्या चोवीस घरांत आज माणसं ठेवायची की नाही, हे आज ठरवायचंय." त्यानं टोपी कानांवर ओढली. "पाच मिनिटं."

"आणि सहावं झालं तर?"

"तर रागाव माझ्यावर."

"मी रागावत नाही. मी नोंद करते."

"मग माझ्या नावासमोर चांगलं काहीतरी लिही," तो म्हणाला आणि फितीखालून वाकून गेला.

तो पिवळा कोट हिरवळीवर लहान लहान होत गेला. पहिल्या खुंटीशी वाकला. दुसऱ्या. तोरुनची नजर एकदा घड्याळावर, एकदा कोटावर. दोन मिनिटं. तीन.

"पोरगा चांगला आहे," शेजारी उभी गेर्द म्हणाली. "कान जरा मोठे आहेत."

"गेर्द!"

"काय चुकलं? टोपी अडकायला बरे."

पाच मिनिटं झाली. तो चौथ्या खुंटीच्या जागी गोल गोल फिरत होता, काहीतरी शोधत. सहा. वारा अजिबात नव्हता. तोरुननं मैदानाच्या कडेकडे पाहिलं. तिन्ही बर्च झाडं हलत होती. उताराकडे नाही... उलटी, मैदानाच्या दिशेनं मागे रेलत होती. आरामखुर्चीत माणूस रेलावा तशी, सावकाश. आस्लाकची पाठ झाडांकडे होती.

लाइरटूनमध्ये कुणी ओरडत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी बेल वाजवतात. तोरुन ओरडली.

"आस्लाक! पळ!"

तो आवाज तिचा तिला ओळखू आला नाही. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. कशाकडे बघून ती ओरडली, हे त्यानं पाहिलंही नाही. हातातली मोजपट्टी टाकून तो थेट तिच्या दिशेनं धावत सुटला.

गडगडाट वगैरे काही झाला नाही. ओली चादर टरटर फाटावी असा एक लांब आवाज आला. मैदान चारही बाकांसकट, एकसंध, उभंच्या उभं खाली गेलं. मग त्याचं पुढचं टोक सुटलं आणि करडं ताक होऊन ओढ्याकडे वाहू लागलं. नवी कडा धावणाऱ्या माणसाच्या मागं मागं येत राहिली. तुकडा तुटला, थांबली. पुन्हा तुटला. पत्रपेट्यांची चौकट गेली. सतरा नंबरचं घर पडद्यांसकट, फुलदाणीसकट निघालं, जरा वळलं आणि खाली जाऊन कुशीवर कललं.

मग सगळं थांबलं.

"इस्त्री बंद केली होती का मी..." गेर्द म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून रडू लागली.

आस्लाक फितीखालून आला, दोन पावलं चालला आणि डांबरावर मटकन बसला. तोरुननं गुडघ्यांवर बसून त्याची कॉलर धरली.

"सात मिनिटं!" ती म्हणाली. "सात झाली!"

"चौथी खुंटी... सापडेना."

"खड्ड्यात गेली तुझी खुंटी!"

"हो," तो म्हणाला. "खरंच गेली." मग त्याचे दात वाजायला लागले, आणि ती एकाच वेळी हसत आणि रडत होती, कॉलर न सोडता.

पालिकेचा माणूस कर्ण्यावरून सगळ्यांना वर, शाळेकडे जायला सांगत होता. वरची चोवीस घरंही आता रिकामी होणार होती. लोक हलू लागले. गर्दीच्या उलट दिशेनं ओद्वार आले. त्यांनी अंगातला कोट काढून आस्लाकच्या खांद्यावर टाकला. मैदान होतं त्या रिकामेपणाकडे ते वळले.

"आज तीनला मी गुपचूप जाणार होतो तिथं," ते म्हणाले. "फीत ओलांडून. एकदा बसून यायला."

तोरुननं त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. दोन दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग खाली बसलेल्या माणसाकडे.

"हा कोण लागतो तुझा?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पण मला हवाय, पप्पा. भीती वाटतेय मला... जमिनीची, त्याच्या असल्या नोकरीची, सगळ्याचीच. तरी हवाय."

"मी इथंच बसलोय," आस्लाक खालून म्हणाला. "मला सगळं ऐकू येतंय."

"मग उत्तर दे."

"उभं राहून द्यायचं होतं. पाय ऐकत नाहीयेत."

"बसून दे."

"हो," तो म्हणाला. "मंगळवारपासून हो."

ओद्वारनी पायाखालच्या डांबराकडे पाहिलं, मग फितीकडे, मग पुन्हा डांबराकडे. "उठा दोघं आधी," ते म्हणाले. "इथली जमीनही कुणी तपासलेली नाही."

तोरुननं हात पुढे केला. आस्लाकनं तो धरला, उठला, आणि उठल्यावरही सोडला नाही. चौघं शाळेच्या दिशेनं निघाले, गेर्द मध्ये, रस्त्याच्या वरच्या कडेनं, एकेक पाऊल जपून टाकत.